'उद्योगाशी जोडलेलं' मॅनेजमेंट शिक्षण: खरी जोडणी ओळखायची कशी?

प्रश्न – कोड_सतरा

नमस्कार. मी पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात सहा वर्षं गुणवत्ता विभागात आहे. शिक्षण मेकॅनिकलचं. नोकरी सोडून दोन वर्षांचं पूर्णवेळ एमबीए करायचं पक्कं केलंय आणि दोन ठिकाणी प्रवेशही मिळालाय. एक संस्था जुनी, नावाजलेली, केस पद्धतीने, म्हणजे कंपन्यांचे लिहून ठेवलेले प्रसंग वर्गात चर्चेला घेऊन शिकवणारी. दुसरी त्या मानाने नवी. तिचं सांगणं असं की आम्ही व्यवस्थापन, तंत्रज्ञान आणि उद्योग वेगवेगळे शिकवतच नाही. पहिल्या सत्रात पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), तिसऱ्यात मशीन लर्निंग, शेवटचे पाच महिने कंपनीत प्रकल्प. माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर कंपन्यांचे लोगो दाटीवाटीने छापलेत.

मन ओढतंय दुसऱ्या संस्थेकडे, पण एका अनुभवामुळे पाय अडतोय. गेल्या वर्षी आमच्याकडे एमबीएची दोन मुलं इंटर्नशिपला आली होती. दोघंही हुशार आणि कष्टाळू. दोन महिने बसून त्यांनी रिजेक्शनचा डॅशबोर्ड तयार केला. दिसायला फार छान होता. इम्पेलरच्या, म्हणजे पंपात फिरणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या, रिजेक्शनमध्ये सगळ्यात उंच लाल खांब होता कारण-कोड १७ चा. आमच्या यादीत १७ म्हणजे 'इतर'. इन्स्पेक्टर घाईत असला की १७ टाकून मोकळा होतो, हे आमच्याकडे चहावाल्यालाही ठाऊक आहे. मुलांना ते कळलं तेव्हा सादरीकरण दोन दिवसांवर आलं होतं. दोन महिन्यांत नाकारलेलं एकही कास्टिंग (ओतीव भाग) त्यांनी हातात घेऊन पाहिलं नव्हतं, आणि तसं पाहायला त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. माझीही चूक आहेच, मीही सांगितलं नाही.

दोन वर्षं आणि साठवलेले पैसे घालवून मला त्या खुर्चीत जाऊन बसायचं नाहीये. एखाद्या संस्थेची उद्योगाशी असलेली जोडणी खरी आहे की फक्त माहितीपत्रकातली, हे प्रवेश घेण्याआधी ओळखायचं कसं? शिकलेल्यांनी, शिकवणाऱ्यांनी, कंपनीच्या बाजूने मुलं घेणाऱ्यांनी, सगळ्यांनीच सांगा.

दुसरी_पाळी

बावीस वर्षं उत्पादन आणि नियोजनात काढली. गेली नऊ वर्षं एका बिझनेस स्कूलमध्ये ऑपरेशन्स शिकवतो. तुमचा प्रश्न वाचला आणि सगळी कामं बाजूला ठेवून लिहायला बसलो, कारण मी रोज याच गोष्टीशी झगडतो.

अभ्यासक्रमात पायथन आहे की नाही यावरून काही कळत नाही. कोड १७ पर्यंत विद्यार्थ्याला घेऊन जाणं हे त्या संस्थेत कुणाचं काम आहे का, ते बघा. नुसती कुणाची तरी इच्छा असून भागत नाही. ते कुणाच्या तरी वेळापत्रकात असावं लागतं.

एक प्रसंग सांगतो. मी शिकवायला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी चार विद्यार्थ्यांचा गट घेऊन गिअरबॉक्सची हाउसिंग (बाहेरची कवचं) मशिनिंग करणाऱ्या एका कारखान्यात गेलो. माल वेळेवर जात नाही, अशी तक्रार होती. शेड्युलिंगचं नवं सॉफ्टवेअर घ्यायचं मालकांच्या मनात होतं, आणि ते कोणतं घ्यावं एवढंच आम्ही सांगायचं होतं. ईआरपीतून, म्हणजे कारखान्याच्या नोंदी ठेवणाऱ्या संगणक प्रणालीतून, दीड वर्षाच्या नोंदी मिळाल्या. त्या नोंदींप्रमाणे एक हाउसिंग कामाला लागल्यापासून डिस्पॅच होईपर्यंत सरासरी साडेचार दिवस लागत होते. मुलांनी त्यावर तीन आठवडे मॉडेल केलं. मॉडेल म्हणत होतं सगळं ठीक आहे, आणि गिऱ्हाईक म्हणत होतं माल उशिरा येतो.

गटात कॉमर्सची एक मुलगी होती. कारखाना तिने पहिल्यांदाच पाहिला होता. तिने कुणी न सांगता नोंदींच्या वेळांचा आलेख काढला. काम पूर्ण झाल्याच्या जवळजवळ सगळ्या नोंदी दुपारी पावणेतीन ते तीन आणि रात्री पावणेअकरा ते अकरा या वेळातल्या निघाल्या. पाळी सुटायची तीनला आणि अकराला. म्हणजे ऑपरेटर दिवसभर काम करायचा आणि हात धुवायला जाताना सगळे जॉब एकदम भरायचा. 'काम सुरू' ही नोंदसुद्धा कास्टिंग पहिल्या यंत्रावर चढल्यावरच व्हायची, कारण आधी केली तर प्लॅनरला रोज सकाळच्या बैठकीत जाब विचारत. थांबून राहिलेला वेळ संगणकात कुठेच नव्हता.

मी म्हटलं, लॅपटॉप मिटा आणि मोजा. स्टोअरच्या दारापासून डिस्पॅचच्या दारापर्यंत प्रत्येक ट्रॉलीवर खडूने खूण करत मुलांनी नग मोजले. ६४० भरले. डिस्पॅच दिवसाला सरासरी ४०. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: आत साचलेले नग भागिले रोज बाहेर पडणारे नग म्हणजे एका नगाला लागणारा सरासरी वेळ. ६४० भागिले ४०, सोळा दिवस! संगणक साडेचार सांगत होता. प्लँट हेडना ते पटेना. ते स्वतः मुलांबरोबर चालत आले आणि एक रांग त्यांनी हाताने मोजली. त्या ६४० पैकी ४१० नग एकाच ठिकाणी उभे होते, लीक टेस्टच्या बेंचसमोर. बेंच एकच. फिक्स्चर (नग पकडून ठेवणारी चौकट) बदलायला पन्नास मिनिटं लागायची, म्हणून ऑपरेटर एका जातीचे शंभर-शंभर नग साचल्याशिवाय बदलायचाच नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

उपाय निघाला तो दुसऱ्या फिक्स्चर प्लेटचा आणि बदलायची पद्धत सुधारण्याचा. सॉफ्टवेअरची खरेदी पुढे ढकलली गेली. म्हणून तंत्रज्ञान नकोच, असा अर्थ कृपा करून काढू नका. आम्ही तिथे बारकोड स्कॅनर बसवायला सांगितले, पण दोनच जागी, स्टोअरच्या दाराशी आणि लीक टेस्टच्या आधी. कुठे बसवायचे हे आता माहीत होतं. आधी माहीत नव्हतं तेव्हा चौदा जागी बसवायचा प्रस्ताव टेबलावर होता.

हे आजचं दुखणं नाही. कारखान्यांत वीज आली तेव्हा बहुतेकांनी वाफेचं इंजिन काढून त्याच्या जागी एक मोठी मोटर बसवली. छताखालचा लांब शाफ्ट आणि त्यावरून प्रत्येक यंत्रावर उतरणारे पट्टे तसेच ठेवले. यंत्रं उभी राहिली ती शाफ्टच्या सोयीने, कामाच्या ओघाने नाही. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र १८८२ ला सुरू झालं, पण अमेरिकेतल्या कारखान्यांच्या उत्पादकतेत विजेमुळे खरी उडी दिसली ती १९२० च्या दशकात. तोवर प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली होती आणि यंत्रांची मांडणी बदलायची मोकळीक आली होती. पॉल डेव्हिड या अर्थतज्ज्ञांनी १९९० साली संगणकाबद्दल बोलताना हाच दाखला दिला होता. मोटर बनवणं इंजिनिअरचं काम होतं. शाफ्ट उतरवून शेडची मांडणी बदलण्याचा निर्णय व्यवस्थापनाचा होता. या दोघांची भाषा एकाच माणसाला यावी, यासाठीच अशा शाळा हव्यात असं मला मनापासून वाटतं.

केस पद्धतीला मात्र कमी लेखू नका. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणं, तो ऐंशी जणांसमोर मांडणं, समोरचा तुकडे करत असताना ऐकून घेणं, हे मी तिथेच शिकलो. तिची मर्यादा एकच. केस लिहिणाऱ्याने कोड १७ आधीच निस्तरलेला असतो. परिशिष्टातल्या कोष्टकात 'इतर' दोन टक्के असतं आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आता विचारायचं काय? प्रकल्पाचा प्रश्न कोण ठरवतं ते विचारा. संस्था, कंपनीचा एचआर, की ज्याचं रोजचं काम त्यामुळे अडलंय तो माणूस? शिकवणारे स्वतः किती वेळा कारखान्यात जातात? कच्चा डेटा मिळतो की एचआरने चाळून दिलेली एक्सेल? आणि एक प्रश्न विसरू नका: फसलेला एक प्रकल्प सांगा. जिथे खरोखर काम चालतं तिथल्या माणसाला तो लगेच आठवतो.

मधली_फळी

ताई, मी तीन वर्षांपूर्वी अशाच एका 'टेक्नॉलॉजी आणि मॅनेजमेंट' म्हणवणाऱ्या संस्थेतून बाहेर पडलो. नाव घेत नाही.

आम्हाला मशीन लर्निंग शिकवलं ते टायटॅनिकच्या प्रवाशांच्या यादीवर. कोण वाचलं, कोण बुडालं. शिकायला ती यादी चांगली आहे, पण पूर्ण सत्र तिच्यावर आणि तसल्याच दोन-तीन तयार फायलींवर गेलं. डेटा कुठून येतो, कोण भरतं, भरणाऱ्याला त्यात काय मिळतं, यावर एक तासही नाही. आणि 'उद्योग प्रकल्प' म्हणजे एका कंपनीसाठी दुकानदारांकडून एकशेवीस फॉर्म भरून आणायचे. आम्ही भरले. निष्कर्षांचं पुढे काय झालं ते विचारायला मी दोनदा मेल केला, उत्तर आलं नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता अजून चालू आहे, त्यामुळे हे लिहिताना त्रास होतो.

पण एक दिवस असा होता की त्यासाठी मी त्या संस्थेचा कायम ऋणी आहे. पाहुण्या म्हणून आलेल्या एका बाईंनी आम्हाला बिअर गेम खेळायला लावला. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक, कारखाना अशी साखळी. एकमेकांशी बोलायचं नाही, दर आठवड्याला फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे सरकवायची. मी घाऊक विक्रेता होतो. माल येईना म्हणून ऑर्डर वाढवत गेलो, एका आठवड्याला साठ पेट्या मागवल्या. मग सगळा माल एकदम अंगावर आला. खेळ संपल्यावर बाईंनी ग्राहकाच्या मागणीचा आलेख उलटा करून दाखवला. चार पेट्यांवरून एकदाच आठ झाली होती आणि शेवटपर्यंत आठच राहिली होती! मी तासभर किरकोळ विक्रेत्याला मनातल्या मनात शिव्या घालत बसलो होतो आणि तोही माझ्यासारखाच घाबरलेला होता. आज मी सुट्या भागांच्या पुरवठ्याचं नियोजन करतो. तुटवडा दिसला की ऑर्डर वाढवण्याआधी फोन उचलतो. ती सवय त्या दिवसाची.

दुसरी_पाळी

मधली_फळी, तुमच्या संस्थेने जे केलं त्याचं वाईट वाटलं. मेलला उत्तर न देणं तर अक्षम्य आहे.

बिअर गेमचं मूळ या धाग्यावर सांगायलाच हवं. जे फॉरेस्टर हे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत व्हर्लविंड नावाचा संगणक त्यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला आणि चुंबकीय कोअर मेमरीच्या (संगणकाच्या स्मृतीचा एक जुना प्रकार) शोधात त्यांचा मोठा वाटा होता. हा माणूस १९५६ साली तिथल्याच मॅनेजमेंट स्कूलमध्ये शिकवायला गेला. तिथे त्यांची गाठ पडली जनरल इलेक्ट्रिकच्या माणसांशी. त्यांच्या केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-चार पाळ्या चालायच्या, तर काही वर्षांनी निम्मी माणसं घरी बसवावी लागायची. मंदी-तेजीचं चक्र असं सगळे म्हणत, पण तेवढ्याने उलगडा होईना. फॉरेस्टरनी माणसांना विचारलं की साठा इतका असताना तुम्ही किती ऑर्डर देता, किती माणसं घेता, आणि वही-पेन्सिल घेऊन आठवड्यामागून आठवडा गणित मांडत गेले. बाहेरची मागणी स्थिर ठेवली तरी आतल्या नियमांमुळेच सगळं हेलकावे खातंय, हे त्या वहीत दिसलं. सिस्टीम डायनॅमिक्स ही शाखा तिथून सुरू झाली आणि हा खेळही त्यातूनच आला.

त्यांच्याकडे त्या काळातला अव्वल संगणक होता. तरी सुरुवात झाली 'तुम्ही ठरवता कसं?' असं विचारण्यापासून. माझ्या मते जोडणी म्हणतात ती ही.

गेटपास

मी कंपनीच्या बाजूने लिहितेय. दरवर्षी सहा-सात मुलं माझ्याकडे येतात.

दोन महिन्यांची इंटर्नशिप म्हणजे प्रत्यक्षात पाच आठवडे. पहिला आठवडा गेटपास, सेफ्टी शूज आणि इंडक्शन. मग लॉगिन. डेटा बाहेर नेणार नाही या करारावर लीगलची सही यायला एकदा पाच आठवडे लागले, तोवर तो मुलगा जुने अहवाल वाचत बसला होता. शेवटचा आठवडा पीपीटीत जातो. आमच्या सुपरवायझरला यातून काय मिळतं? काही नाही, उलट त्याचं काम अडतं. त्यामुळे तो 'चांगली मुलं आहेत' म्हणतो आणि त्यांना एक्सेल देऊन बाजूला बसवतो. कोड_सतरा, तुमच्याकडे तेच झालं असणार.

ज्या एका संस्थेबरोबर आमचं जमलंय तिथे करार तीन वर्षांचा आहे आणि तो मुलं यायच्या आधी झालेला असतो. प्रश्न तोच राहतो, तुकडी बदलते. पहिल्या वर्षीच्या मुलांनी चुकीचं मोजलेलं दुसऱ्या वर्षीच्या मुलांनी दुरुस्त केलं, आणि आधीच्या तुकडीला फोन करून सांगितलंही. आमच्या सुपरवायझरला संस्थेत बोलावतात, मुलांच्या गुणांमध्ये त्याचा वाटा असतो. गेल्या वर्षी तो पहिल्यांदा इस्त्रीचा शर्ट घालून वर्गात उभा राहिला आणि पाऊण तास टूल घासण्याबद्दल बोलला. त्या दिवसापासून मुलं आली की तो स्वतः गेटवर जातो.

अदलाबदलीची कल्पना जुनीच आहे. हर्मन श्नायडर यांनी सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ साली इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी वर्ग आणि कारखाना आलटून-पालटून ठेवला होता. आज कारखान्यात पाहिलेलं लवकरच वर्गात विचारायचं आणि पुन्हा कारखान्यात जायचं. शेवटी एकदम पाच महिने देण्यापेक्षा मला ही पद्धत बरी वाटते, कारण पाच महिन्यांनंतर विचारायला वर्गच उरत नाही. त्या नव्या संस्थेला हे नक्की विचारा: प्रकल्पाच्या काळात वर्ग असतात का?

मधली_फळी

एक राहिलं. माझं वाचून पायथन-एसक्यूएल टाळू नका, ताई. डॅन ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलला गेले ते आधी प्रोग्रॅमर म्हणून काम करून. प्राध्यापक फळ्यावर कोष्टक मांडायचे आणि एक आकडा बदलला की पुढचं सगळं पुसून पुन्हा लिहायचे. ते पाहून त्यांना वाटलं की हे आपोआप बदलायला हवं. बॉब फ्रँकस्टन यांच्याबरोबर त्यांनी व्हिजिकॅल्क केलं, १९७९ मध्ये ते ॲपल-टूवर विकायला आलं. आज आपण ज्या एक्सेलमध्ये दिवस काढतो त्याचा तो पूर्वज. त्या वर्गातल्या इतरांनाही फळा दिसतच होता. पण हे यंत्राकडून करून घेता येईल, हे प्रोग्रॅमिंग येणाऱ्यालाच सुचलं.

कोड_सतरा

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितेय, कारण मध्ये बरंच काही केलं.

दोन्ही संस्थांना फोन केला. नव्या संस्थेत प्रवेश विभागाला उत्तरं देता येईनात, पण त्यांनी प्रकल्प बघणाऱ्या प्राध्यापिकांना माझा नंबर दिला आणि त्यांचा संध्याकाळी फोन आला. फसलेला प्रकल्प विचारला. त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितला. सुट्या भागांच्या मागणीचा अंदाज बांधणारं मॉडेल होतं, कंपनीने सहा आठवडे वापरलं, मग ते चालवणाऱ्याची बदली झाली आणि फाइल कुणी उघडलीच नाही. तेव्हापासून कंपनीची दोन माणसं ठरल्याशिवाय त्या प्रकल्प घेत नाहीत. शिक्षक पाच महिन्यांत फक्त तीनदा जातात, हे त्यांनी स्वतःहून कबूल केलं. त्या काळात वर्ग नसतात, दर पंधरा दिवसांनी एक ऑनलाइन बैठक असते. हे मला कमी वाटतं आणि तसं मी त्यांना म्हटलंही. तरी मी तिथेच जाणार आहे. जुन्या संस्थेतही सगळे नीट बोलले, पण फसलेल्या प्रकल्पाचा विषय निघाला की त्यांच्या यशोगाथांचा दुवा मेलवर यायचा.

दुसरं म्हणजे, इतकी वर्षं जे केलं नव्हतं ते केलं. फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलाजवळ स्टूल टाकून एक पूर्ण पाळी बसले. आमच्या सिस्टीममध्ये कारण-कोड दोन पानांवर आहेत. पहिल्या पानावर अठरा मावतात. ब्लोहोल (ओतकामात राहिलेलं हवेचं छिद्र) आहे २२ वर आणि कोअर (पोकळी घडवणारा साच्यातला गाभा) सरकल्याचा कोड २४ वर, म्हणजे दुसऱ्या पानावर. पान उलटायला टचस्क्रीनवर बोट लावावं लागतं आणि हातमोजा काढल्याशिवाय स्क्रीन ते घेत नाही. १७ मात्र कीपॅडवरून दाबता येतो. इन्स्पेक्टर म्हणाले, "मॅडम, दिवसात किती वेळा मोजा काढू?" मी सहा वर्षं त्यांना घाईखोर समजत होते.

कोडची जागा बदलण्याची विनंती आयटीकडे दिली आहे.

दुसरी_पाळी

आयटीने स्क्रीन बदलायच्या आत एक करा. बदलानंतर १७ कमी झालेला दिसेलच, पण त्या १७ च्या पोटात आधी काय होतं याची नोंद तुमच्याकडे राहणार नाही. दोन आठवडे १७ पडलेला प्रत्येक नग लाल ट्रेमध्ये बाजूला ठेवायला सांगा आणि पाळी संपताना इन्स्पेक्टरबरोबर उभं राहून खरं कारण वहीत लिहा. त्यांच्या नावासकट लिहा, निदान त्यांचंच आहे. ती वही घेऊन पहिल्या सत्राला जा.

कोड_सतरा

आज सुरू केलं. पहिल्या पाळीत लाल ट्रेमध्ये अकरा इम्पेलर जमले. सात ब्लोहोल, तिघांत कोअर सरकलेला. अकरावा आम्ही दोघांनी बराच वेळ उलटसुलट करून पाहिला, तो खरोखरच 'इतर' निघाला.